विळे बघायला निघालेले इवाई

मुलीचा सासरा आपल्या व्याह्याला जेवायला बोलावतो, पुरणपोळीवर तुपाची धार सोडतो, आग्रह करकरून त्याचा जीव नकोसा करतो आणि निघताना टॉवेल-टोपी देऊन वाटेला लावतो. पण व्याह्याच्या हातात सायकल देऊन, त्याला दिवसभर उन्हातान्हात पडक्या गढ्या दाखवत हिंडवणारा सासरा अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. मी त्यांचा इवाई, ते माझे इवाई, त्यामुळं आमच्या बोलण्यात कोण कुणाला काय म्हणतंय हे तिऱ्हाइताला कळायला जरा वेळ लागतो. मी धाराशिवात औषधाचं दुकान चालवतो, ते तेरला राहतात. माझं पोट माझ्या आधी दुकानात शिरतं आणि त्यांना पोटच नाही. हा माणूस खातो ते कुठं जातं, असा प्रश्न मला पहिल्या भेटीपासून पडलेला आहे.

नोकरीभर ते गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. डॉक्टर नव्हेत, पण गाव त्यांना डॉक्टरच म्हणतं आणि म्हशींचं मत विचारलं तर त्याही तेच म्हणतील. सगळी नोकरी त्यांनी एका काळ्या सायकलवर केली. तिला घंटी नाही. घंटीच्या जागी एका मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधलेली आहेत. "लई गुणी बैल होता," एवढंच ते त्याबद्दल सांगतात आणि पुढचा अर्धा फर्लांग गप्प बसतात. रस्त्यात कुठलंही जनावर दिसलं की सायकल उभी करायची, त्याच्या कानामागं हात घालायचा, डोळ्यांत बघायचं आणि मालकाला काहीतरी सुनवायचं, हा त्यांचा नेम. एकदा आमच्या दुकानासमोर एका मंत्र्याची सभा होती. त्या गर्दीत हे गृहस्थ एका मोकाट गाईचा खूर तपासत वाकलेले मी पाहिले. पोलिसानं हटकलं तर म्हणाले, "साहेब, भाषण उद्याबी व्हईल. खुरात काच हाय ती आत्ताच काढाय पायजे." पोलिसानं निमूटपणे गाईची शिंगं धरली.

सायकल चालवण्याचंही त्यांचं शास्त्र आहे. चढ आला की उतरायचं, उतार आला की बसायचं आणि सपाटी आली की विचार करायचा. ब्रेक म्हणजे त्यांना माणसाच्या भित्रेपणाची खूण वाटते. शर्टाच्या एका खिशात गूळ, दुसऱ्यात शेंगा. गूळ मागितला तर देतात, पण शेंगा मागितल्या तर म्हणतात, "त्या चढासाठी हायत." चढ आल्यावर मागितल्या तर म्हणतात, "आता दम लागलाय, आता खाऊ ने." त्यांच्या शेंगा खाल्लेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

तर असा हा माणूस. त्यांचा मुलगा म्हणजे आमचा जावई पुण्याला असतो. त्याच्या कंपनीनं त्याला मध्यंतरी काही आठवडे इटलीला धाडलं होतं. पोरानं हौसेनं तिथून फोनवर चित्रफीत पाठवली. हिरवीगार टेकाडं, द्राक्षांचे मळे, मध्ये मध्ये जुन्या सरदारांच्या दगडी कोठ्या, आणि त्या कोठ्या बघत एका दिवसात सायकलवरून फेरी मारणारे गोरे म्हातारे-म्हाताऱ्या. खाली पोरानं लिहिलं होतं, 'बाबा, इथं लोक सायकलवर व्हिला बघत हिंडतात.' इवायांनी ते अख्ख्या आळीला वाचून दाखवलं, फक्त त्यांच्या तोंडी व्हिलाचा विळा झाला. संध्याकाळी मला फोन. "इवाईबुवा, इटलीत लोकं दिवसभर सायकलवर विळे बघत हिंडत्यात!" मागून विहीणबाईंचा आवाज आला, "विळे कशाला बघाय पायजेत? दोन तर आपल्याच घरात हायत. एकाची मूठ निघालीय, तेवढी बसवून द्या म्हनावं त्यांना."

पुढं उलगडा झाला तरी शब्द काही सुधारला नाही. "त्यांच्याकडं विळे, तर आपल्याकडं गढ्या," इवायांनी जाहीर केलं. "आपल्या गढ्या काय कमी हायत व्हय? एका दिसात चार गढ्या दावतो. सकाळी तेरहून निघायचं, दिवस मावळायला परत." त्यांनी पत्र्याचा तुकडा रंगवून सायकलला अडकवला. त्यावर लिहिलं होतं, 'गढी दर्शन सायकल सहल'. खाली बाण. बाण त्यांच्या घराकडं दाखवत होता, पण सायकल वळली की तोही वळायचा. त्यामुळं पहिल्या आठवड्यात दोन माणसं चुकून पिठाच्या गिरणीत गेली म्हणतात.

आता इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती माझ्या मुलीच्या आणि त्यांच्या पोराच्या लग्नातली आहे. लग्न धाराशिवात, मंगल कार्यालयात. नवरदेवाच्या मागं त्याचा मामा उभा राहतो, त्याला फेटा बांधतात, हा मामाचा मान. पण आमच्याकडं मामा म्हणजे कोण? जो वयानं मोठा आणि ज्याचं नाव ठाऊक नाही तो प्रत्येक जण मामा. वऱ्हाडाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला सकाळपासून सगळं गाव मामा म्हणत होतं. मुहूर्त गाठायच्या घाईत माइकवरचा माणूस ओरडला, "मामा, कुठं असाल तिथून स्टेजवर या, सगळे खोळंबलेत!" ड्रायव्हरला वाटलं टेम्पो आडवा आलाय. बिचारा किल्ली हातात घेऊन धावत आला. तो तोंड उघडायच्या आत त्याला फेटा बांधून नवरदेवाच्या मागं उभाही केला. खरे मामा आत वाढप्यांवर देखरेख करत होते. ते बाहेर आले तर त्यांच्या जागी भलताच माणूस, डोक्याला फेटा, हातात टेम्पोची किल्ली, चेहरा फाशी जाणाऱ्याचा.

तिथंच कुणी पाया पडून सावरून घेतलं असतं तर निभावलं असतं. पण इवायांना हसू आलं. साधं नाही, खाली बसून पोट धरून हसू. मामांनी ते पाहिलं. आपल्या बहिणीचा नवरा आपल्या अपमानावर हसतो, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी पायताण घातलं आणि मांडवातून न जेवता निघून गेले. मग इवाईही पेटले. "माझ्या पोराच्या लग्नातून उपाशी गेला, अन्नाला लाथ मारली!" असं ते म्हणायचे. "दारात येऊन हात जोडू द्या, मग बघू," असं मामा म्हणायचे. दोघंही एकाच मातीचे, कुणी हटेना.

आणि ह्या दोघा अडेल रेड्यांच्या मध्ये सापडल्या विहीणबाई. नवरा हा आणि पाठचा भाऊ तो. आमच्याकडं नागपंचमीला लेकीबाळी माहेरी जातात, पण आपल्या पायानं जात नाहीत. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. लग्नापासून मामा मुऱ्हाळी म्हणून आले नाहीत. गावातल्या बायका एकेक करून माहेराला जायच्या आणि ह्या दारात तांदूळ निवडत बसायच्या. एकदा माझी बायको त्यांना म्हणाली, "अहो, तेरहून केवढंसं ते अंतर, जाऊन या की एकदा." त्या म्हणाल्या, "पावलाला लांब न्हाय ओ. पन न बोलावता लेक माहेरी गेली तर ती लेक न्हाय, उपरी." एवढ्या हसऱ्या बाईचं हसणं त्या लग्नानंतर कुठं गेलं ते कळलंच नाही. इवाई ते बघत होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सहलीचा पहिला पर्यटक मीच. आजवरचा शेवटचाही मीच. थंडीचे दिवस, ज्वारी हुरड्यावर आलेली. मला त्यांनी एक भाड्याची सायकल दिली. तिची गादी अशी होती की आपण बसलोय की कुणी आपल्यावर सूड उगवतंय ते कळेना. विहीणबाई भाकरीचं गाठोडं घेऊन इवायांच्या मागं कॅरिअरवर, खाली चौघडी केलेली गोधडी. "भाकरी सांडू ने म्हनून घेतलीय," इवायांनी मला डोळा मारून सांगितलं. भाकरी कॅरिअरला बांधता आली असती, पण मी कशाला बोलू.

पहिल्या गढीचा एकच बुरूज उरला होता. बाकीची पांढरी माती लोकांनी आपापल्या माळवदावर टाकायला नेली. इवायांनी छाती पुढं काढून इतिहास सांगितला. "ह्या गढीत लई दांडगी म्हैस होती. दोन वेतं मीच बघितली." मी म्हटलं, "आणि गढी कुणी बांधली?" ते म्हणाले, "बांधली आसंल कुनीतरी. पन म्हैस बघाय पायजे होती तुमी." दुसऱ्या गढीला कुलूप. मालक परगावी. दाराच्या फटीतून आम्ही तिघांनी आळीपाळीनं कडब्याच्या पेंढ्या बघितल्या. तिसरी एका जहागीरदाराची जुनी कोठी. तिथले म्हातारे चाचा काठी टेकत बाहेर आले. "आओ डॉक्टरसाब! बकरी तुम्हारी राह देख रही थी." चहा झाला, बकरीचं पोट तपासून झालं, कोठीची नक्षी बघायची राहूनच गेली. गोरे लोक इटलीत असंच बघत असतील तर त्यांची मला दया आली.

तिसरीहून निघालो आणि एका फाट्यावर विहीणबाईंनी एकदम सायकलच्या सीटवर थाप मारली. "थांबवा. थांबवा म्हन्ते ना!" इवाई थांबले. त्या उतरल्या, पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "हा रस्ता कुठं जातो ते मला शिकवू नका. ह्या वाटेची बाभळन् बाभळ मला ठाऊक हाय. अवो, कुठं निघालाव?"

"चौथी गढी," इवाई समोर बघत म्हणाले.

"माझ्या माहेराला गढी म्हनून दावायला निघालाव व्हय? मुऱ्हाळी आल्याबगर मी त्या उंबऱ्यात पाय टाकायची न्हाय. मेली तरी न्हाय."

"मुऱ्हाळी लेकीला लागतो," इवाई हळूच म्हणाले. "तुमी आज लेक म्हनून कुठं चाललाव? तुमी पर्यटक हाव. पर्यटकाला आवतन लागत न्हाय. इचारा इवायांना."

माझ्याकडं दोघांचेही डोळे लागले. औषधाच्या दुकानदाराला असल्या गोष्टीतलं काय कळणार? पण मी मान हलवली. म्हटलं, "विहीणबाई, बरोबर आहे त्यांचं. पर्यटकाला कुणीच बोलावत नसतं." त्या बराच वेळ उसाच्या एका गाडीकडं बघत राहिल्या. ती दिसेनाशी झाली तेव्हा म्हणाल्या, "भाकरी वाळायल्यात. चला." आणि पुन्हा कॅरिअरवर बसल्या. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला की हा खुळा माणूस चार गढ्या दाखवायला निघालाच नव्हता. त्याला एकच दाखवायची होती, तीही एकाच माणसाला. बाकीच्या तीन आणि मी आपले भरतीला.

विहीणबाईंचं माहेर म्हणजे खरोखरची जुनी गढीच; तिच्या दरवाजातल्या ढाळजेत मामा बसलेले होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग सायकल, मग कॅरिअर. उठले नाहीत, बसूनही राहवेना, असे अर्धवट राहिले. मला म्हणाले, "कोन हायत म्हनावं ही मंडळी?" इवाईही मलाच म्हणाले, "सांगा. पर्यटक." मामा म्हणाले, "काय पायजे इचारा." इवाई म्हणाले, "गढी बघायची म्हनावं." मी दोघांच्या मध्ये उभा. मला काहीच सांगावं लागलं नाही. मामांनी खाकरून घसा साफ केला. "बघा की. बघायला कुनाची ना हाय?"

"मी सायकली राखतो," इवाई म्हणाले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांनी तो उंबरा ओलांडला नाही. मी आणि विहीणबाई आत गेलो. मामा पुढं. "ही ढाळज. हितं पहारा आसायचा," ते मला सांगत होते. "हे माजघर. ही बळद, धान्याची." विहीणबाई पदर तोंडावर धरून मागून. एका खोलीच्या दाराशी त्या थांबल्या.

"ही कुनाची खोली?" त्यांनी विचारलं.

"ही आमच्या आक्काची," मामा भिंतीला सांगत असल्यासारखे म्हणाले. "त्यो कोनाडा तिचा. त्यात चिंचा लपवून ठेवायची आन आई आली की माझं नाव सांगायची."

"खोटं हाय," पर्यटक ताडकन म्हणाल्या. "चिंचा तुमीच खायचाव."

मामांच्या मिशीला जराशी हालचाल झाली. मग विहीणबाईंनी विचारलं, "मंग ती आक्का आता येत न्हाय व्हय?"

"न्हाय येत."

"का?"

"तिला आनायला कुनी जात न्हाय."

"का जात न्हाय? ती तर दर पंचमीला दारात बसती म्हनं. रस्त्याकडं बघत."

मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "लई धूळ झालीय ह्या खोलीत," म्हणाले. खोलीत धुळीचा कण नव्हता. कुणीतरी ती नेमानं सारवत होतं, हे मलासुद्धा दिसलं. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर येऊन सायकलीच्या चेनकडं उगाच बघत बसलो. इवाई मामांच्या गोठ्यातल्या एका गोऱ्ह्याच्या कानामागं खाजवत होते, पण त्यांचं सगळं लक्ष आत होतं.

थोड्या वेळानं मामा तांब्या घेऊन आले. इवायांच्या समोर ओट्यावर ठेवला आणि दुसरीकडं बघत उभे राहिले. इवायांनी घटाघटा पाणी पिऊन मला सांगितलं, "पानी ग्वाड हाय." मामांनी मला सांगितलं, "हीर जुनीच हाय म्हनावं." दारातलं ते सोडलं तर त्या दोघांमध्ये त्या दिवशी झालेलं बोलणं एवढंच.

निघायच्या वेळी आतून मामी आल्या. हातात सूप, त्यात खण, नारळ, तांदूळ. मामा गडबडले. "अगं, ते पर्यटक हायत." मामी त्यांच्यावर अशा काही वस्सकन गेल्या की गोऱ्ह्यानंही मान वर केली. "पर्यटक का फर्यटक, मला काय करायचंय? ह्या उंबऱ्यातनं सवाशीण रिकाम्या पदरानं गेल्याली न्हाय. पदर धरा, वन्सं!" विहीणबाईंनी पदर पुढं केला. तांदूळ पडत होते आणि त्या रडत होत्या. लपवत नव्हत्या, हुंदके देऊन रडत होत्या. परतताना चढ आला तरी इवाई उतरले नाहीत. विहीणबाईंना तसंच ओढत नेलं, घुंगरं वाजवत. मी मागं धापा टाकत होतो आणि मला, खोटं कशाला बोलू, त्या माणसाबद्दल भयंकर माया दाटून आली होती.

ह्या पंचमीला मामा तेरला आले. मुऱ्हाळी म्हणून, स्वच्छ धोतर, डोईला फेटा. उभ्याउभ्याच अर्धा कप चहा घेतला, 'दाजी, नेतो' एवढे दोनच शब्द बोलले आणि बहिणीला घेऊन गेले. मला हे सगळं विहीणबाईंनी निघताना फोनवर सांगितलं. त्या घाईत होत्या. गाडी दारात उभी होती.

बायकोला माहेरी धाडायला इतका खटाटोप केलेला नवरा मी दुसरा पाहिला नाही, आणि ती गेल्यावर इतका कासावीस झालेलाही. रोज संध्याकाळी दुकानात फोन येतो. भातात पाणी किती घालायचं, तिखटाचा डबा कुठला आणि हळदीचा कुठला, मांजर दूध का पीत नाही. मी औषधं विकतो, मला काय ठाऊक? मग मी बायकोला फोन लावून देतो. चार दिवसांसाठी गेलेल्या विहीणबाई पोळा जवळ आला तरी तिकडंच आहेत. काल मी त्यांना म्हटलं, "इवाईबुवा, पुरे झालं आता, निरोप धाडा. म्हणावं, या."

ते म्हणाले, "सकाळी तिचाच फोन आला होता. मागं पोरीबाळींचा कालवा. हसत होती ओ. म्या वळखलंच न्हाय, कोन बोलतंय म्हनून इचारलं. तर आनखीच हसाया लागली."

"मग? बोलावताय ना?"

"ऱ्हाऊ द्या की. लई वरसांनी गेलीय." आणि मग बऱ्याच हळू आवाजात, मला सांगितल्यासारखं नाही तर स्वतःलाच समजावल्यासारखं ते पुन्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."